एक्केचाळीस नंबरची कॅसेट

गेल्या सोमवारी मालवणात, आमच्या लायब्ररीत, माझ्या हातून एक मोठा घोळ झाला. कोणाला सांगावं कळेना, म्हणून इथे लिहितेय...

मी कला विद्यापीठाच्या इथल्या छोट्या केंद्रात लायब्रेरियन आहे. मूळची कोल्हापूरकडची. साडेतीन वर्षं झाली येऊन, तरी बाजारात मी अजून 'घाटावरच्या मॅडम'च. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावून खोलीवर गेले की सोमवार सकाळपर्यंत माझं कोणाशी बोलणं होत नाही... तक्रार नाही, आहे ते सांगतेय.

लायब्ररीत पुस्तकं आहेत, चित्रांचे मोठे अल्बम आहेत आणि दशावतारी नाटकांची रेकॉर्डिंग आहेत. एका अभ्यासकाने गावोगावच्या जत्रांत फिरून कॅसेटवर उतरवलेली, त्यांच्या माघारी आमच्याकडे आली. आता सगळी कॉम्प्युटरवर आहेत. कोणीही यावं, रजिस्टरमध्ये सही करावी, कोपऱ्यात हेडफोन लावून ऐकावं... पण मुलं येतात ती वायफायचा पासवर्ड विचारायला.

ऐकायला येणारा माणूस एकच. वासुकाका. आतल्या गावचे, भातशेती आणि थोडे काजू. दर सोमवारी बाजार करून येतात, पिशवी दाराशी ठेवतात आणि एक्केचाळीस नंबरची कॅसेट मागतात.

दर वेळी तीच. रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात लिहितात, 'ऐकणे'. वीसेक मिनिटं ऐकतात आणि युद्धाचा प्रसंग रंगात यायच्या आधीच उठून एसटीला पळतात. मला वाटायचं, काय बाई हा माणूस, नाटक अर्ध्यावर टाकून जातो.

तर झालं काय... मुख्य कार्यालयाकडून नवीन सॉफ्टवेअर आलं. जुनी रेकॉर्डिंग साफ करा, ऑनलाइन टाकायची आहेत. मला काय, काम मिळालं! दिवस दिवस बसून मी खरखर काढली, जनरेटर काढला, लोकांची बडबड, खोकला, रडणारी पोरं, सगळं पुसलं. राहिले फक्त नट, पेटी आणि मृदंग. आणि मी शहाणीने ते मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

सोमवारी काका आले. मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, आज ऐकून बघा, कसं स्वच्छ येतंय. त्यांनी ऐकलं. मागे घ्यायला सांगितलं, परत ऐकलं... तीनदा. मग हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

"ह्येच्यात ती नाय," ते म्हणाले.

मला वाटलं, स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाबद्दल बोलतायत. कोण ती, असं मी विचारलं.

"माझी घरकारीण. जत्रेत खाजा इकत होती. पेटीच्या मागसून तिचो आवाज येता." त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "घराकडे फोटो आसा. आवाज खंय गावतलो?"

त्यांची बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिचा आवाज जगात आणखी कुठेच नव्हता... आणि मी तो गोंगाट म्हणून पुसून टाकला होता.

काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं "ऱ्हवांदे" म्हणाले, राहू दे, आणि पिशवी उचलायला वळले. मी म्हटलं, काका, पाया पडते, एसटी चुकली तर चुकू दे, पण थांबा.

मूळ कॅसेट मुख्य कार्यालयाला पाठवायच्या होत्या, महिन्यापूर्वीच. यादी करायचा कंटाळा, म्हणून खोका माझ्या टेबलाखाली तसाच पडून होता. आयुष्यात पहिल्यांदा माझा आळस कामाला आला.

एक्केचाळीस नंबर सापडली, पण इथल्या दमट हवेने टेपला बुरशी धरलेली. कापसाने पुसत पुसत जुन्या प्लेअरमध्ये घातली. तुटली तर संपलं... काका खुर्चीच्या टोकावर बसलेले, माझं बोट स्टॉपच्या बटणावर.

नाही तुटली. सगळी बाजू कॉम्प्युटरवर उतरवली, दोन कॉपी केल्या, मग काकांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटले. मग हेडफोन माझ्यापुढे धरला. "आयक, बायो."

मी थोडं मागे घेऊन ऐकलं. राजा दरबारात तावातावाने बोलतोय. त्याच्या आडून एका बाईचा आवाज, अगदी रोजच्यासारखा...

"आयकलात? दोन घास खावन घेवा. मी बसतंय हंय."

बस, एवढंच. मिठाईच्या दुकानाशी मी बसते, तुम्ही जेवून घ्या, असं नवऱ्याला सांगत होती. त्यासाठी हा माणूस दर सोमवारी जिना चढून येत होता, आणि मी त्याला नाटकाचा शौकीन समजत होते.

कॅटलॉगमध्ये कलाकारांच्या खाली खाजेवालीचंही नाव घालायचं मी ठरवलं. नाव विचारलं तर काका चक्क लाजले. तोंडाने घेतलंच नाही, माझं पेन घेऊन रजिस्टरमध्ये लिहिलं... शेवंती.

मुख्य कार्यालयाला कळवलंय. चूक माझी, यापुढे मूळ आवाज आहे तसा जपायचा, साफ केलेला वेगळा ठेवायचा. ज्यांच्या फाइल साफ केल्या त्या सगळ्या कॅसेट आता पुन्हा उतरवतेय. त्या बडबडीत अजून कोणाकोणाची माणसं असतील, कोणाला ठाऊक.

आणि एक कबूल करते... या आठवड्यात रोज दुपारी डबा उघडायच्या आधी मी एक्केचाळीस नंबर लावलीय. तेवढं एकच वाक्य ऐकते. ते तिने तिच्या नवऱ्याला सांगितलंय, मला नाही, कळतं मला. पण मला जेवून घे म्हणणारं इथे दुसरं कोणी नाही... दोन घास जास्त जातात, शेवंतीकाकी.