सतरंजी घालणारा

"हजर हाय," बा म्हणाला.

गावच्या मंडळाची मासिक सभा होती. सेक्रेटरी तात्या वहीत बघून एकेक नाव घेत होते आणि सतरंजीवर बसलेली माणसं हजर म्हणत होती. यादी संपली. तेव्हा दाराशी, चपलांच्या शेजारी उकिडवा बसलेला माझा बा आपणहून बोलला.

तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला कुणी इचारलं रं किसन्या? तुझी हजेरी लावायची म्हंजी सतरंजीची बी लावावी लागंल."

सगळे हसले. बा पण हसला.

मी चौथीत होते. आईचा निरोप बाला सांगायला आले होते, उंबऱ्याबाहेर उभी होते. लोकांच्या हसण्याचं तेव्हा काही वाटलं नाही. बा हसला, ते लागलं. अजून लागतं.

आम्ही बौद्धवस्तीतले. मुळशीतलं आमचं गाव, पिरंगुटच्या पुढं. दर महिन्याला बा मंडळाचं ऑफिस झाडायचा, सतरंजी घालायचा, सभा संपेपर्यंत दाराशी थांबायचा, मग घडी करून ती कोपऱ्यात ठेवायचा. तो सभासद नव्हता. वस्तीतलं कुणीच नव्हतं. त्याच्या हातानं घातलेली सतरंजी चालायची. तिच्यावर तो बसलेला चालायचा नाही. असा ठराव कधी झाला नव्हता. करावा लागलाच नव्हता.

पुढं मी बी.कॉम. झाले. घरातली पहिली. पिरंगुटच्या एका कंपनीत ऑफिसला लागले. दिवसभर कॉम्प्युटर, जाता-येता बसमध्ये उभं. आता तात्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. यंदा उन्हाळ्यात ते आमच्या अंगणात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मंडळाचा अमृतमहोत्सव हाय. जुन्या सभांच्या वह्या टाईप करायच्यात, स्मरणिकेत घालायला. गावात तुझ्याएवढं शिकलेलं हाय कोण, पोरी?"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. हो म्हणाले.

तीन रविवार त्या वह्यांत गेले. पत्र्याची ट्रंक, डांबराच्या गोळ्यांचा वास, उंदरानं कुरतडलेले कोपरे. प्रत्येक सभेचं सारखंच. हजर, गैरहजर, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक. स्मरणिकेत सर्वांत जास्त हजेरीबद्दल तात्यांचा फोटो यायचा होता. तात्यांच्या कधीमधी सभा चुकलेल्या होत्या. बाची एकही चुकलेली मला आठवत नव्हती. मी पान उलटायची आणि त्याचं नाव शोधायची. नाव नाही. दमून जायची. परत पुढचं पान.

मग एका पानावर तात्यांच्याच अक्षरात तीन ओळी सापडल्या.

हजर सभासद अकरा. सतरंजी घालणारा आजारी. सभा तहकूब.

पुढच्या महिन्यातही तेच. बाला कावीळ झाली होती ते साल. अकरा माणसं आली. सतरंजी कोपऱ्यातच होती. अकरांतल्या एकानंही तिला हात लावला नाही. उभे राहिले आणि घरी गेले. दोनदा.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग जसंच्या तसं टाईप केलं. खाली कंस करून लिहिलं : सतरंजी घालणारा म्हणजे किसन धोंडिबा. हे नाव वहीत नाही.

कागद तात्यांच्या हातात दिले. ते त्या पानावर थांबले.

"ह्ये कशाला घातलंय?"

"वहीत हाय."

"वहीत लई काय असतंय. मंडळाचं हसं व्हईल. काढ."

"तुमच्याच हातचं हाय, तात्या."

ते चिडले नाहीत. समजुतीनं बोलले, ते जास्त वाईट. "बरं, त्याचा बी सत्कार करू. शाल दिऊ. आसं कर, त्या दिवशी त्याला जरा लवकर धाड. खाली खुर्च्या हायेत, पण स्टेजवर सतरंजी लागंल."

इतकी वर्षं गेली. त्यांची नेरे गावाकडची जमीन विकली गेली, तिथं बिल्डिंगा आल्या. हे वाक्य तिथंच होतं.

मी कागद त्यांच्या हातातून परत घेतले. "ह्या ओळी राहतील. त्याचं नाव राहील. न्हाई तर माझं टायपिंग मिळणार न्हाई. आणि बा येणार न्हाई."

"इचारलंस का त्याला?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. बा चुलीशी चहा घेत होता.

"काढून टाक की," तो म्हणाला. "आता कशाला?"

"मी चौथीत असताना, त्या हजेरीच्या वेळी तू का हसलास?"

त्यानं कप खाली ठेवला.

"तू दारात हुतीस. बघत हुतीस."

एवढंच. मग म्हणाला, "न्हाई जात मी."

रविवारी कार्यक्रम आहे. ट्रंक मी परत केली, टाईप केलेलं माझ्यापाशी आहे. स्मरणिका त्या कागदांशिवाय निघेल, निघू दे. बा घरी असणार. मी जाणार आहे. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसणार आहे. वही-पेन बरोबर नेणार आहे. सतरंजी कोपऱ्यात असेल. ती कोण उचलतो, ते मी लिहून ठेवणार. कुणीच उचलली नाही, तर तेही. हजर असलेल्या प्रत्येकाच्या पूर्ण नावानिशी.