हा हात मी केलाय

शाळेच्या रोबो संघाच्या मॅडमनी प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे घाल. परीक्षक येतील तेव्हा स्टॉलच्या पुढं हसत उभी राहा. बोलायचं काही नाही. बोलायला अथर्व आहे."

पिशवीत हिरव्या कापडी पानांचा घागरा होता. डोक्याला बांधायची पिसांची पट्टी होती. तोंडाला फासायच्या पांढऱ्या रंगाची डबी होती. नाशिकच्या फॅन्सी ड्रेसच्या दुकानातून भाड्यानं आणलेला 'आदिवासी ड्रेस'. दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती.

मी दहावीत होते. युरोपातल्या एका शहरात, भल्यामोठ्या हॉलमध्ये उभी होते. देशोदेशीची मुलं आपापले रोबो घेऊन स्पर्धेला आलेली.

आम्ही आदिवासीच, पण आमच्या सुरगाण्याकडं असलं कुणी घालत नाही. माझी आई लुगडं नेसते. बा पॅन्ट-शर्ट घालतो. मी मॅडमना तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, इथल्या लोकांना काय कळतंय, फोटो छान येईल.

मी घातला.

का घातला, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. भीतीनं घातला. सहावीत मी नाशिकच्या सरकारी वसतिगृहात आले. आठवीत एका मोठ्या इंग्रजी शाळेनं मला फुकट प्रवेश दिला. पासपोर्ट शाळेनं काढला, तिकीट शाळेनं काढलं, अंगातला स्वेटरसुद्धा शाळेचा. काय तोंडानं नाही म्हणायचं? बाथरूममध्ये गेले आणि पानं बांधली.

मग लोक आले. फोटो काढून गेले. एका परदेशी मुलीनं विचारलं, हात लावू का? तिनं पिसांना हात लावला. चांगली मुलगी होती. तिचा राग नाही आला. माझी मलाच किळस आली.

आता रोबोचं सांगते. दांडीला देठानं टांगलेले मऊ गोळे रोबोनं न चेपता उतरवायचे आणि पेटीत ठेवायचे, असं काम होतं. आमच्या रोबोचा पंजा गोळे चेपायचा. संघातले सगळे आठवडेच्या आठवडे पकड सैल कर, घट्ट कर, हेच करत बसले. मी म्हटलं, गोळ्याला धरूच नका. देठाला धरा.

हे मला निफाडकडं कळलं. आई-बा दरवर्षी द्राक्षांच्या कामाला तिकडं जायचे. लहानपणी मीही बरोबर असायचे. घड तोडताना मण्याला बोट लावायचं नाही. लागलं की वरची पांढरट झाक पुसते आणि मुकादम ओरडतो. देठ अंगठ्यावर टेकवायचा, बोटानं दाबायचा. अंगठा हलू द्यायचा नाही. पंजा मी तसाच केला. एक बोट पक्कं, एक हलणारं. पक्क्या बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तीनदा चिकटवला, तीनदा निघाला. चौथ्यांदा बसला.

परीक्षक आल्या. केस पिकलेल्या बाई. आमचा कॅप्टन अथर्व निफाडच्या बड्या बागायतदाराचा मुलगा. हुशार आहे, बोलतो छान. तो म्हणाला, ही कल्पना मला आमच्या द्राक्षबागेत सुचली.

बाग त्यांचीच. घड तोडणारे हात आमचे.

बाईंनी विचारलं, रबर एकाच बोटाला का? अथर्व म्हणाला, पकड वाढावी म्हणून. मग दोन्ही बोटांना का नाही? त्यानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम नुसत्या हसल्या.

मी दहा पावलांवर होते. पिसांची पट्टी सोडली. टेबलाजवळ गेले, पट्टी तिथं ठेवली आणि इंग्रजीत म्हणाले, "हा हात मी केलाय. मी सांगते."

माझं इंग्रजी मोडकं. व्याकरण चुकलं असेल. पंजा चुकला नाही. दोन्हीकडं रबर लावलं की देठ अडकून बसतो, सुटत नाही. कुठंच नसलं की फिरतो आणि गोळा निसटतो. तीनदा करून दाखवलं. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हणाले, आईकडून. दुसऱ्याच्या बागेत.

त्यांनी माझं नाव विचारलं आणि कुणी काय केलं ते लिहिलेली संघाची वही उघडली. पंजाच्या पानावर अथर्वचं नाव होतं. शेवटच्या पानावर माझं. त्यापुढं लिहिलेलं, 'सांस्कृतिक सादरीकरण'.

ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

बक्षीस मिळालं नाही. माझ्यामुळं गेलं, असं ठरलं. हॉटेलच्या जिन्यात मॅडमनी माझा दंड धरला. "तुला इथवर कुणी आणलं ते विसरलीस. तुमच्या लोकांसाठी कितीही करा." परतीच्या विमानात माझ्याशी कुणी बोललं नाही.

नाशिकला आल्यावर शाळेनं बाला बोलावलं. जीपनं, मग एसटीनं आला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला. कागद तयार होता. माझ्या बेशिस्तीनं संघाचं नुकसान झालं, मी माफी मागते. सही केली तर प्रवेश राहील.

मला वाटलं, बा माझी बाजू घेईल. तो हळूच म्हणाला, "कर ना सही, बाई. दोन ओळी तर हायेत. आपलं काय जातंय?"

जन्मभर हेच केलं त्यानं. मुकादमापुढं, शेठपुढं, तलाठ्यापुढं. मी त्याला दोष देत नाही. त्या दिवशी मात्र मला त्याच्याकडं बघवेना.

"खोटं हाय ते, बा. मी नाय करणार."

प्रवेश गेला. बा स्टँडवर गेला आणि गाडीत बसला. वर्ष झालं, अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

वसतिगृह सरकारी, ते राहिलं. दहावी दुसऱ्या शाळेतून दिली, आता मी एका साध्या कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. तिथं रोबो नाही. भोकं पाडायचं एक ड्रिल मशीन आहे, ते कपाटात कुलपात. महिनाभर रोज किल्ली मागितली. मिळाली. वसतिगृहातल्या पेठ-सुरगाण्याच्या तिघी नवा रोबो करायला माझ्याबरोबर आहेत.

मला पुन्हा जायचंय. त्याच स्पर्धेला, नाहीतर दुसऱ्या. कुणी न्यायला आलं तर मी आधी विचारणार, तिथं माझं काम काय? नुसतं दिसायचं असेल तर मी येणार नाही. बाला हे कळेल तेव्हा कळेल. नाही कळलं, तरी असल्या खोट्या कागदावर सही मी करणार नाही.