सिस्टरबाईंच्या डब्यातलं अंडं

डब्याचं झाकण उघडायच्या आधीच सिस्टरबाई सांगून टाकायच्या, "अंडं हाय बरं याच्यात." बाकीची ख्यालीखुशाली नंतर. टेंभुर्णीच्या आमच्या गल्लीत त्या दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होत्या, या वाक्यासाठी आणि इंजेक्शनच्या हलक्या हातासाठी.

डब्यात असायच्या मक्याच्या भाजलेल्या पिवळ्याधमक वड्या, वरून खरपूस. नर्सिंग शिकताना हॉस्टेलच्या मेट्रनकडून त्यांनी ही कृती उचललेली. गल्ली त्याला केक म्हणायची आणि त्या चिडायच्या. "केक कशाचा? तोंडी लावणं हाय ते. पानात डावीकडं, ठेच्याच्या शेजारी. भाकरीसंगं खायचं."

स्वीट कॉर्नची कोवळी कणसं त्या स्वतः किसायच्या, मूठभर दाणे अख्खे ठेवायच्या. झाकणाला काच असलेला त्यांचा गोल ओव्हन जुनाट होता आणि लाइटचा भरवसा नव्हता. मध्येच लाइट गेली की ओव्हनवर गोधडी टाकायच्या आणि दटावायच्या, "उघडू नका बिलकुल. आतली गरमी काम करून राह्यली." मग डबा घेऊन घरोघर निघायच्या.

खायचं मात्र कुणी नाही. सिस्टरबाई बौद्ध. त्यांच्या हातचं नको, असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच काय, अंडं होतं ना! माझ्या सासूबाई रोज सकाळी साखरेच्या इंजेक्शनसाठी त्यांच्यापुढं दंड धरायच्या आणि डबा दिसला की हात जोडायच्या, "आमच्यात अंडं चालत न्हाई, बाई." त्यांचा लेक, म्हणजे माझा नवरा, एसटी स्टँडवरच्या गाड्यावर ऑम्लेट हाणून यायचा. सिस्टरबाईंनी त्याला तिथं बघितलेलं होतं. आणि मी शाळेत समतेचा धडा शिकवणारी बाई! मीसुद्धा गोड हसून तेच म्हणायचे. त्या "बरं" म्हणून झाकण लावायच्या. पुढच्या खेपेला पुन्हा दारात हजर.

सासूबाई गेल्या, त्यानंतर वर्षभरातच सिस्टरबाई कायमच्या मुलीकडं नांदेडला निघाल्या. टेम्पोत सामान चढत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी मक्याची कृती विचारली.

"लिहून घ्या मॅडम. सहा कणसं, वाटीभर दही, अर्धी वाटी रवा, थोडं दूध, लोणी. हिरवी मिरची, जिरं, मीठ, चिमूटभर सोडा."

"आणि अंडी किती?"

"अंडं कधीच न्हाई घातलं."

"मग सांगत कशाला होता, सिस्टर?"

त्यांनी पिशवीची गाठ घट्ट केली. "न्हाई म्हणायला तुम्हाला काहीतरी कारण लागलंच असतं. तुमच्या तोंडून भलतंच काही निघालं असतं, तर दुसऱ्या दिवशी सुई घेऊन यायला माझा पाय उचलला नसता. मंग कारण मीच संगं आणायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं विचारलं, "आज आहे का एखादी वडी?"

"ओव्हन कालच बांधला की, मॅडम," त्या म्हणाल्या आणि टेम्पोत बसल्या. रागावलेल्या अजिबात नव्हत्या, तेच जास्त लागलं.

आता मी वडी घरी करते. वहीतल्या मापानं, बराबर. पानात डावीकडं वाढते. घरचे बोटं चाटून खातात आणि विचारतात, सिस्टरबाईंच्यासारखी झाली का गं?

काय सांगू? मी त्यांची कधी खाल्लीच नाही.