चोवीस अंशांचे मामा

रोह्यात बसून अख्ख्या आकाशाची हद्द कायम करायला निघालेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो नात्याने माझा मामेसासरा होता. बायको त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. हयात त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. पेण, रोहे, नागोठणे या टापूतला एकही बांध असा नसेल की ज्याच्यावर उभं राहून त्यांनी दोन भावांचं भांडण ऐकलं नसेल. निवृत्त झाल्यावर जमिनीचा मोह सुटला आणि ते पूर्ण वेळ वर बघू लागले. तिथेही त्यांना मोजणीचाच घोटाळा दिसला. कुंडलिकेच्या काठी राहून कुंडल्या न मांडणं हा नदीचा अपमान आहे असं ते म्हणत, आणि तो अपमान होऊ नये याची काळजी ते सकाळी दात घासण्याच्या आधीपासून घेत. समोर आलेल्या माणसाला "कसे आहात?" हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. "जन्म किती वाजताचा?" इथूनच त्यांची ओळख सुरू होई. एकदा गाडीत तिकीट तपासनीसाने त्यांना तिकीट मागितलं, तर त्यांनी त्याची जन्मवेळ मागितली. नागोठणं आलं तरी दोघं बोलत होते, आणि तिकीट दाखवायचं राहूनच गेलं.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मला एक रास होती. परत निघालो तेव्हा तीन झाल्या होत्या. माझा जन्म ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला, आणि रविवारच्या वर्तमानपत्रात त्या तारखांपुढे सिंह लिहिलेलं असे, म्हणून मी आपला सिंह. मामांनी विचारल्याबरोबर मी छाती काढून सांगितलं.

"सिंह? कोणी सांगितलं?"

"पेपरात येतं ना."

"पेपरात येते ती विलायती रास. ते लोक सूर्य बघतात, आपण चंद्र बघतो. ही पहिली गोष्ट. आणि दुसरी गोष्ट, सूर्यच बघायचा म्हटलं तरी आपल्या पंचांगाने तुमचा सूर्य कर्केत आहे. चंद्र वृश्चिकेत. तुम्ही उगाच इतकी वर्षं सिंह म्हणून वावरलात."

मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि मामींनी बिरड्यासाठी सोलून ठेवलेल्या वालांतले मूठभर वाल घेऊन आले. ताटाच्या काठाने बारा दाणे मांडले. "हे बारा म्हणजे बारा राशी. आता वर्तुळाला सुरुवात नसते. मोजणी सुरू करायची तर कुठेतरी दगड पुरावा लागतो. मार्चात दिवस आणि रात्र सारखी होते, त्या दिवशी सूर्य जिथे असतो तिथे विलायती लोकांनी दगड पुरला. तिथून त्यांची मेष सुरू. याला म्हणायचं सायन. आपण दगड पुरला ताऱ्यांमध्ये. ते निरयन. एके काळी दोन्ही दगड एकाच जागी होते, भांडण नव्हतं. पण पृथ्वी फिरता फिरता भोवऱ्यासारखी डुलते, त्यामुळे मार्चातला तो बिंदू ताऱ्यांमधून मागे सरकत जातो. बहात्तर वर्षांत एक अंश. आता अंतर पडलंय चोवीस अंशांचं."

"मग खरी रास कुठली?"

मामांचा चेहरा एकदम उजळला. हा प्रश्न विचारणारा माणूस त्यांना फार आवडे. "एकाने शेत नदीच्या काठापासून मोजलं, दुसऱ्याने बांधावरच्या दगडापासून. नदीने काठ बदलला. आता दोघांचे नकाशे जुळत नाहीत. पण यात खोटं कोण बोलतोय? फक्त कुठून मोजलं ते सांगितलं पाहिजे. जगातली निम्मी भांडणं कुठून मोजलं ते न सांगितल्यामुळे होतात."

"आकाश आवरा आधी," मामी दारातून म्हणाल्या. "मला फोडणी टाकायचीय."

अर्ध्या तासाने ती राशीमाला नारळाच्या रसात शिजून माझ्या पानात आली. बिरडं उत्तम झालं होतं.

माणसाला डोळे दोन, कान दोन, मग रास एकच का, हे मामांचं तत्त्वज्ञान. ते प्रत्येकाच्या दोन कुंडल्या मांडत, एक सायन आणि एक निरयन, आणि दोन्हींतली जी बरी असेल ती खरी धरत. शेजारच्या दुकानदाराला कुणीतरी साडेसाती सांगितली आणि तो सुतकी चेहऱ्याने बसू लागला, तेव्हा मामांनी त्याला ओट्यावर बोलावून सायनाने ती अजून लागलेलीच नाही असं पटवलं. पुढे तो दुकानदार जिन्यावरून घसरला, तर मामा पट्टी बांधता बांधता म्हणाले, "ही निरयनाची. एवढ्यावर भागलं." खालच्या कोर्टाने शिक्षा सुनावली तर वरच्या कोर्टात जाता येतं, मग ग्रहांनी सुनावलेली शिक्षा मुकाट्याने का भोगायची, असं त्यांचं म्हणणं. यात भविष्य बरोबर येण्याचा प्रश्न फारसा नव्हता. माझी बदली पूर्वेला होणार असं त्यांनी दोन्ही पद्धतींनी छातीठोकपणे सांगितलं, आणि मला अलिबागला पाठवलं. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "दिशेचं सोडा हो. बदली झाली ना?" या कामाचा एक पैसाही ते घेत नसत. उलट आलेल्या माणसाला चहा द्यावा लागे आणि तो मामी करीत. मामींची रास कुठली याबद्दल मात्र घरात कधी चर्चा होत नसे. मामांनी एकदा ती काढली होती म्हणे, आणि दोन्ही पद्धतींनी सिंहच निघाली होती.

या सगळ्या खटाटोपाच्या मागे काय आहे ते मला मामींनीच सांगितलं. मामांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मावशी, पेणला शाळेत शिक्षिका होती. मावशी तरुण असताना जिते गावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, साखरपुड्याचे लाडू वळून झाले होते. तेवढ्यात मुलाकडच्या कुणीतरी पत्रिका पुन्हा एकदा एका जोशीबुवांना दाखवली आणि मावशींच्या आठव्या घरात मंगळ निघाला. आठवा मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका. स्थळ परत गेलं. मामा तेव्हा मोजणी खात्यात नुकतेच लागले होते. ते तडक त्या जोशीबुवांकडे गेले आणि विचारलं, "तुम्ही मंगळ मोजलात तो कुठल्या दगडापासून?" जोशीबुवांनी त्यांना हाकलून दिलं. घरी येऊन मामांनी पुस्तकं मागवली आणि बहिणीची पत्रिका सायनाने मांडली. तिचं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीतला बिंदू, होतं मीन राशीच्या उंबरठ्यावर, ते चोवीस अंश पुढे गेलं तरी मीनेतच राहिलं. मंगळ मात्र तुळेच्या शेवटाला होता, तो पुढच्या राशीत गेला आणि आठव्या घरातून नवव्यात जाऊन बसला. नवव्या घरातला मंगळ कुणाचं काही वाकडं करीत नाही. मामा तो कागद घेऊन गावभर फिरले. कुणी ऐकलं नाही. मावशींनी त्यानंतर स्थळं बघणं थांबवलं, आणि मामांनी मंगळाशी मांडलेला दावा चालू ठेवला.

मावशी पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांचं घर होतं, आणि शेजारी नागोठण्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येऊन राहिले. धरमतरच्या बाजूचे, खाडीकाठचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मावशींच्या पाण्याच्या पंपाला सारखं काहीतरी होई आणि ते सारखे दुरुस्त करायला येत. पंप नवा घेतला तरी ते येतच राहिले. एक दिवस मावशींनी आम्हाला घरी बोलावून, चहा ओतता ओतता, अगदी हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगितलं की त्या दोघांनी लग्न करायचं ठरवलं आहे. घरातल्या काही जणांना वय आठवलं, काहींना जात आठवली. मामांना आनंदाने ठसका लागला. पण अडचण आली ती दुसरीकडूनच. त्या गृहस्थांना त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, लहानाचं मोठं केलं होतं, आणि आक्काच्या कानावर कुणीतरी मावशींचा मंगळ घातला होता. आक्का नको म्हणाली तर मी तिला दुखवून पुढे जाणार नाही, असं ते मावशींना म्हणाले. मावशी म्हणाल्या, दुखवूही नका.

मामांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाला अखेर तारीख लागली होती. त्यांनी त्या गृहस्थांची जन्मवेळ मागितली. ती कुणालाच ठाऊक नव्हती. आई एवढंच सांगायची, की अवस होती, कोंबडं आरवून गेलं होतं आणि खाडीला भरती चढत होती. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. मामा म्हणाले, "यापेक्षा चांगला पुरावा काय हवा?" अवसेची भरती माथ्यावर येते दुपारच्या सुमाराला, म्हणजे जन्म पहाट ते दुपार यांच्यामध्ये कुठेतरी. तेवढ्या वेळात तीन लग्नं उगवतात. प्रत्येकाची सायन आणि निरयन मिळून सहा पत्रिका झाल्या. सहाच्या सहा घेऊन मामा पेणला आले आणि मावशींच्या ओटीवर मांडून बसले.

"हे बघ. या एकीत त्यांनाही मंगळ आहे. मंगळाला मंगळ चालतो, म्हणजे प्रश्न मिटला. उरलेल्या पाचांत त्यांना नाही, पण मग आपण सायन धरायचं, म्हणजे तुझा जातो. कुठल्याही बाजूने ते सुटत नाहीत!"

मावशींनी चष्मा लावून सगळे कागद नीट पाहिले. "दादा, मला काय सहा जणांशी लग्न करायचंय?"

"अगं, पण आक्काला समजावायला नको?"

"समजाव. पण हे कागद इथे ठेवून जा."

मामांनी ऐकलं नाही. मला बरोबर घेतलं, कागद घेतले आणि आम्ही धरमतरच्या बाजूला आक्काच्या घरी गेलो. आक्का अंगणात चटईवर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. मागे खाडीतून मालाचा एक बार्ज सावकाश चालला होता. तिने आम्हाला पाणी दिलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"भावाची पयली बायको गेली तवा हा दोन वरसं बोलला नाय कुनाशी. आता बोलतो, हसतो. मला काय वाईट वाटंल? पन मंगलाची बाय आली न् ह्यालाच काय झालं म्हंजे?"

मामा सरसावले. त्यांनी आक्काच्या सोड्यांतले बारा सोडे घेऊन चटईवर वर्तुळ केलं, नदीचा काठ सांगितला, बांधावरचा दगड सांगितला, भोवरा सांगितला. आक्का मान डोलावत ऐकत होती. मामा थांबले तेव्हा तिने बाराही सोडे मोजून परत टोपलीत टाकले.

"समजलं का, आक्का?"

"नाय," आक्का म्हणाली. "पन बहिनीपायी तुमी एवढ्या उन्हाचं आलांव, ता समजलं. बरं, ती आमच्यातली मासली खाईल काय?"

मामांनी टोपलीतल्या सोड्यांकडे पाहिलं. मग ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "निरयनाने नाही खात. सायनाने अजून विचारलेलं नाही."

आक्का हसली ती इतकी की डोळ्यांना पदर लावावा लागला. "तिला घेऊन या. मीच विचारतंय."

पुढच्या रविवारी मावशींना घेऊन आम्ही आक्काकडे गेलो. दोघी चुलीपाशी बसल्या आणि आम्हा पुरुषांना अंगणात घालवून दिलं. मामा कागदांची गुंडाळी हातात धरून फेऱ्या मारत होते, आतून हाक आली तर असावी म्हणून. हाक आली नाही. बऱ्याच वेळाने आक्का बाहेर आली ती मावशींचा हात धरूनच.

"मंगळाचं काय ठरलं?" मामांना राहवेना.

"ती म्हनली, हाय तर हाय. रोज दवाखान्यात न्यायचं झालं तरी ती नेईल, पन ह्याला एकटा नाय ठेवायची. माजा भाव एकटाच होता इतकी वरसं, तवा कुठं मंगल होता?"

लग्न पेणलाच झालं, घरच्या घरी, भर दुपारी. मुहूर्त मावशींनी ठरवला होता, सगळ्यांना गाड्या सोयीच्या पडतील असा. मामांनी पंचांग उघडलंही नाही. जेवणं झाल्यावर ओटीवर बहीण-भाऊ दोघंच बसले होते आणि मी पानदान घेऊन शेजारी होतो.

"दादा, माझ्यासाठी तू फार केलंस," मावशी म्हणाल्या. "त्या जोशांशी भांडलास, साऱ्या गावाशी भांडलास. पण तेव्हा मला काय हवंय, ते मात्र एकदाही विचारलं नाहीस."

मामांनी पानदानातून सुपारी उचलली. "विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"आता नाही आठवत," मावशी हसून म्हणाल्या. "पण कुणी विचारलं असतं तर आवडलं असतं."

मामांना जाऊनही आता काही वर्षं लोटली. मावशी आणि त्यांचे यजमान दोघंही ठणठणीत आहेत. मनात आलं की आक्काच्या घरी जाऊन राहतात. मावशी मासळी खात नाहीत, पण निवडायला बसतात. मामांनी पत्रिका पाहणं शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांची पद्धत मात्र बदलली होती. त्यांच्या अखेरच्या दिवसांत कोलाडकडचे एक जण मुलीच्या लग्नासाठी तिची पत्रिका घेऊन आले होते, तेव्हा मी तिथे होतो. मुलगी बापाच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. मामांनी पत्रिका हातात घेतली, न उघडता मांडीवर ठेवली आणि तिला पुढे बोलावलं.

"बाळ, हे मी नंतर बघतो. आधी तू सांग. तुला काय हवंय?"

मुलगी गोंधळली. तिने बापाकडे बघितलं, बापाने जमिनीकडे. बाप मध्येच काही बोलायला गेला, तर मामांनी हात वर करून त्याला थांबवलं. आतून मामी चहा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मामांना कसलीच घाई नव्हती. पत्रिकेवर हात ठेवून, मान किंचित पुढे करून, ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि हळूहळू, अगदी बारीक आवाजात, ती बोलायला लागली.