छत्रीभर माती

"आधी पाणी जातंय का बघा," असं म्हणत काका छत्रीचं टोक जमिनीत खुपसायचे. पावसाळा असो नाहीतर थंडी, लांब दांड्याची काळी छत्री त्यांच्या हातात असायचीच. टोक आत गेलं की पाणीही मुरणार म्हणून चेहरा खुलायचा. 'टक्' असा आवाज आला की कपाळाला आठी. नवीन पनवेलमधल्या एका लग्नाच्या हॉलबाहेरही त्यांनी हा प्रयोग केलेला मी पाहिला आहे. वधूवरांना आहेर त्यानंतर.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा माणूस असेलच. आमचे काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर ते घरात कमी आणि उद्यानात जास्त दिसू लागले. उद्यान म्हणजे महापालिकेचा एक मोकळा भूखंड. जांभूळ, कडुलिंब आणि कोपऱ्यात आम्हा शेजाऱ्यांचे भाजीचे वाफे. माझी मेथी तिथलीच. तिला पाणी घालायला विसरले की काका माझ्याशी बोलत नसत, मेथीशी बोलत.

त्या जागेला निधी मिळावा म्हणून काकांनी महापालिकेत इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवायचा. त्यांना हवा होता नळ, कुंपण आणि एक माळी. अखेर निधी आला. नळ आला, कुंपण आलं, आणि सोबत पेव्हर ब्लॉकही मंजूर होऊन आले. पार झाडांच्या बुंध्यापर्यंत, वाफ्यांसकट. सगळं मार्चअखेरच्या आत उरकायचं होतं.

चपलांना चिखल लागणार नाही म्हणून कॉलनीत बरेच जण खूश होते. ज्या निधीसाठी चपला झिजवल्या, त्यानेच आपली माती झाकली जाणार, हे काकांना फार लागलं होतं. त्या दिवसांत ते छत्रीशिवाय फिरत, आणि मला ते बघवत नसे.

काम सुरू व्हायच्या दिवशीच त्यांच्याकडचा झाडांचा सण आला. थंडी उतरताना येतो. त्या दिवशी ते मलिदा करतात, म्हणजे भिजवलेले गोड पोहे, खवलेलं खोबरं आणि फळं. काकांनी भलंमोठं पातेलं जांभळाखाली आणून ठेवलं आणि इंजिनियरपासून मजुरांपर्यंत सगळ्यांना वाढलं. कंत्राटदाराला इतक्या उघडपणे मलिदा खिलवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तरुण इंजिनियरने हात पुसत विचारलं, पूजा कसली आहे.

"पूजा नाही. आज झाडांचा वाढदिवस. खाल्लंत ना, आता आहेर द्या," काका म्हणाले. त्यांनी छत्री बुंध्याला लावून आडवी धरली आणि तिच्या टोकाने झाडाभोवती गोल रेघ ओढली. एवढी माती उघडी सोडा, इतकंच मागणं. इंजिनियर म्हणाला, इस्टिमेट पास झालंय. त्यावर काका म्हणाले, फरशी जास्त लागली तर विचारतात, कमी लागली तर कोणी विचारत नाही. इंजिनियर हसला आणि हो म्हणाला. कंत्राटदाराने मापासाठी घाईघाईने माझी घडीची छत्री मागितली.

"लेडीज नको. फुल छत्री," काकांनी बजावलं.

मग ते कोपऱ्याकडे वळले. पपईला गोल, शेवग्याला गोल, कढीपत्त्याला गोल. गोल एकमेकांत मिसळत गेले आणि बघता बघता सगळे वाफे आत आले. काका वांग्याच्या रोपाशी वाकले तेव्हा कुठे इंजिनियरच्या लक्षात आलं.

"काका, वांगं काय झाड आहे?"

"वाढदिवस लहानांचाच करतात ना?"

वांगं वाचलं. मेथीही वाचली.

मागच्या वर्षी काका मुलीकडे इस्रायलला गेले, कायमचे. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, पाणी जातंय का. मी जातंय म्हणते, आणि ते खरंच जातं. मेथीशी बोलणारं मात्र आता कोणी नाही. मलाही त्यांच्यावाचून करमत नाही.

परवा पलीकडच्या सेक्टरमध्ये नव्या उद्यानाचं काम चाललं होतं. कंत्राटदार तोच, माणसं नवी. मी सहज थांबले. काकांना कधीही न पाहिलेला एक मुकादम कडुलिंबाशी फरशी लावणाऱ्याला सांगत होता,

"छत्रीभर सोड रे. फुल छत्री, लेडीज नाय."