उडत्या गाडीसाठी बारा फूट

उडती गाडी जालन्यात ट्रकवरून आली. प्रदर्शनाचं उद्घाटन सकाळी दहाला होतं. शहागडजवळ महामार्गावर वाहतूक तुंबली आणि ट्रक साडेबाराला मैदानात शिरला. तोवर पाहुण्यांचे सत्कार उरकले होते आणि निम्मे लोक जेवायला बसले होते. सहा माणसांनी गाडी हातांवर उचलून लाल गालिच्यावर ठेवली. चार पंखे, दोन खुर्च्या, पुढं वाटोळी काच. ती तिथं उडाली नाही. उडणारही नव्हती. आत यंत्र नव्हतं, नुसता सांगाडा होता.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. कंपनीचा अधिकारी माईकवर म्हणाला, की थोड्याच वर्षांत माणूस स्वतःच्या अंगणातून उठेल आणि थेट कामाच्या ठिकाणी उतरेल. रस्ते इतिहासजमा होतील. टाळ्या वाजल्या. भाषणानंतर मी त्याला गाठून काही प्रश्न विचारले. ही उतरणार कुठं? सपाट, मोकळ्या, सिमेंटच्या जागेवर. वारा सुटला तर? मग उडायचं नाही. पाऊस? पावसातही नाही. एकदा चार्ज केली की किती वेळ चालते? वीस मिनिटं, बसणाऱ्या दोघांचं वजन बेताचं असेल तर. किंमत विचारली तेव्हा तो हसला आणि त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं.

बातमी लिहायची एक पद्धत आहे. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की पान लावणारा खालून कापतो. काय कापलं ते वाचायला त्याला वेळ नसतो. मी भाषण वर घेतलं. वारा, पाऊस, वीस मिनिटं आणि ट्रक हे सगळं शेवटच्या परिच्छेदात ठेवलं. संध्याकाळी टायरची जाहिरात आली आणि शेवटचा परिच्छेद गेला. मथळा डेस्कवर कोणीतरी दिला: 'रस्ते होणार इतिहासजमा'. दुसऱ्या दिवशी मी ती बातमी पाहिली आणि पुढच्या कामाला लागलो.

माझी थोरली बहीण अंबड तालुक्यात दिलेली आहे. आक्काचं घर गावात नाही, शेतात आहे, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. मधे पाणंद, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. नकाशावर ती तुटक रेघेनं दाखवलेली आहे. जमिनीवर दोन्हीकडचे शेतकरी दर वर्षी नांगरताना वीतभर बांध कोरतात, त्यामुळे आता तिच्यातून एक बैलगाडी जेमतेम जाते. पावसाळ्यात तीही जात नाही. काळी जमीन, ट्रॅक्टरचं चाक आसापर्यंत रुततं.

दाजींच्या, म्हणजे आक्काच्या नवऱ्याच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. पावसाळ्यात चार जण त्यांना बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणत आणि तिथून जीपमध्ये बसवत. बातमी आली त्या वर्षीच्या पावसाळ्यात दोन खेपा चुकल्या. दुसरी चुकली तेव्हा त्यांच्या छातीत पाणी झालं आणि ते चार दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आक्काला बाजूला घेऊन सांगितलं, आता एकही खेप चुकवू नका, तिसऱ्यांदा निभावेलच असं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी पाणंदीवर मुरूम पडायला हवा होता. त्याला बारा फूट रुंदी लागत होती, आणि लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांनी आपापल्या बाजूची जागा सोडायला लेखी संमती द्यायची असं ठरलं. सगळ्यांनी दिली. एक राहिले. ते दाजींचे चुलत भाऊ, ज्यांना गाव तात्या म्हणतं. त्यांचं रान पाणंदीच्या तोंडापासून सुरू होतं. डांबरीकडं मोसंबीची बाग आणि मागं विहिरीजवळ मोकळा सपाट तुकडा. त्यांना पाणंदीची फारशी गरज नव्हती.

ग्रामपंचायतीत बैठक बसली. मीही गेलो होतो. तलाठ्यानं नकाशा पसरला. तात्यांनी सातबाऱ्याची प्लास्टिकची फाईल उघडली आणि तिच्यातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून नकाशावर ठेवलं.

"हे वाचा. रस्ते होणार इतिहासजमा. पेपरात आलंय. मंग मी माझं रान मुरमाखाली कशापायी घालू?"

"तात्या, त्या गाडीला वेळ आहे अजून," तलाठी म्हणाला.

"वेळ हाय म्हणूनच म्हणतो. एकदा मुरूम पडला का ते रान परत रान व्हतं का? बिलकुल न्हाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "तात्या, म्हशीलाबी पंख लावून राह्यले का?"

"तू गप. तुझा बापबी मोबाईलला असाच हसला व्हता. आज चार्जर शोधत फिरतो." लोक हसले. तात्या माझ्याकडं वळले. "पाव्हणे, ह्याच्यावर नाव तुमचंच हाय ना?"

मी हो म्हणालो.

"मंग झालं तर. तुम्ही काय खोटं लिव्हताय?"

आक्का दाराशी बायकांत बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बैठक मोडल्यावर बाहेर लिंबाखाली तिनं विचारलं, "ते उडतं का खरंच?"

"नाही. मी पाहिलं ते तरी नाही."

"मग तसं लिहायचं होतं."

"लिहिलं होतं. शेवटी होतं, कापलं गेलं."

"शेवटचं कापतेत हे ठावं हाय ना तुला?"

"आहे."

"मग शेवटी कशाला ठेवलंस?"

ती चालत घराकडं निघून गेली.

मी कार्यालयात जाऊन खुलासा छापायची विनंती केली. उपसंपादकानं बातमी पुन्हा वाचली आणि विचारलं, "यातलं कोणतं वाक्य चुकीचं आहे?" एकही नव्हतं. तो माणूस तसंच म्हणाला होता. "मग खुलासा कसला?" त्याचं म्हणणं आमच्या धंद्याच्या हिशेबानं बरोबर होतं. एका न उडणाऱ्या गाडीबद्दल आम्ही संपूर्ण खरी बातमी छापली होती.

मग मी मूळ मजकूर संगणकातून काढला, शेवटच्या परिच्छेदासकट, आणि तो कागद घेऊन तात्यांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. वारा, पाऊस, वीस मिनिटं, सगळं वाचलं. कागद परत दिला.

"हे छापलेलं न्हाई, पाव्हणे."

"छापायचं राहिलं."

"टाईप केलेलं तर अंबडच्या कोर्टाबाहेर रोज ढिगानं पडतंय. तुम्ही आज आक्कासाठी टाईप करून आणलं, उद्या मी माझ्यासाठी आणीन. छापलेलं ते छापलेलं."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तीस वर्षं आम्हीच लोकांना हे शिकवलं होतं. खिशात त्या अधिकाऱ्याचं कार्ड होतं. मी म्हणालो, मग त्यालाच विचारा. फोन लावला आणि स्पीकरवर ओट्यावर ठेवला. पाऊस-वाऱ्याचे प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा विचारायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तात्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"साहेब, मी अंबड तालुक्यातून बोलून राह्यलो. तुमची ती गाडी माझ्या रानात उतरंल का?"

"का नाही उतरणार, काका? ग्रामीण भागात तर खूप स्कोप आहे. तुमच्या तालुक्यात गाडी उतरवायचं पॅड करायला अजून कोणीच पुढं आलेलं नाही."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि फोनजवळ सरकले. "मंग माझं पहिलं धरा. जागा हाय. विहिरीजवळ, मागं, एकदम सपाट."

"छान. फक्त सिमेंटचं पॅड लागेल आणि पॅडपर्यंत रस्ता लागेल."

"रस्ता?"

"हो, काका. आग लागली तर बंब आत यायला पाहिजे. गाडी बिघडली तर ती उचलून न्यायला ट्रक यायला पाहिजे. पक्का रस्ता, किमान बारा फूट. रस्ता नसेल तर आमचा माणूस जागा बघायलाही येत नाही."

प्रदर्शनात मी हा प्रश्न विचारला नव्हता. मला सुचलाच नव्हता.

तात्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. आधी बागेकडं पाहिलं, मग मागच्या तुकड्याकडं. मोसंबी तोडून पॅड करणं शक्य नव्हतं. मागच्या तुकड्याकडं बंब किंवा ट्रक जायला पाणंदीशिवाय वाट नव्हती. "बाराच सांगितलं ना त्यानं?" त्यांनी एकदा खात्री करून घेतली.

दोन दिवसांनी त्यांनी संमतीपत्र दिलं. छापील नमुन्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. स्वतःच्या हातानं लिहिलं. 'उडती गाडी उतरविणेकामी बंबास येण्याजाण्यासाठी पाणंद बारा फूट रुंद करण्यास माझी हरकत नाही.' तलाठ्यानं ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. "कारण काहीही असो," तो म्हणाला, "सही आहे." त्यानं ते इतरांच्या संमतीपत्रांना टाचलं.

मे महिन्यात मुरूम पडला आणि रोलर फिरला. मी त्याची बातमी दिली. पाणंदीवर मुरूम पडला ही बातमी होत नाही, असं मला सांगण्यात आलं. तरी ती आतल्या पानावर, मोंढ्यातल्या शेतमालाच्या भावांखाली, मथळ्याशिवाय आली. चारच ओळी होत्या. कापण्यासारखं काही नव्हतं.

विहिरीजवळचा तुकडा तात्यांनी त्या वर्षी पेरला नाही. चारी बाजूंनी कापूस उभा राहिला आणि मधल्या चौकोनात त्यांची म्हैस बांधलेली असायची. वरून विजेच्या तारा गेलेल्या होत्या, त्या त्यांनाही दिसत होत्या. कंपनीचा माणूस आला नाही. फोनही कोणी उचलत नव्हतं.

श्रावणात एका सकाळी मी आक्काकडं होतो. रात्रभर पाऊस पडला होता. जीप थेट दारात येऊन उभी राहिली. दाजी दोन पावलं चालून आत बसले, आक्का त्यांच्या शेजारी, मी पुढं. ज्या बाजेवरून त्यांना न्यायचे ती ओसरीत भिंतीला उभी केलेली होती. तात्यांच्या रानाशी जीप हळू झाली. ते डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बांधावर उभे होते. दाजींनी काच खाली केली.

"तात्या, तुमची गाडी कधी येती?"

"ईल," तात्या म्हणाले. "मला काय जल्दी न्हाई. तवर तुम्ही वापरा."

दाजींना हसता हसता ठसका लागला. आक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल रे." दवाखान्यातलं मशीन दहाला लागतं. आम्ही साडेनऊला पोहोचलो.