मी काढलेली झडप

फरीदाबादच्या ट्रॅक्टर कारखान्यात मी तीसेक वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक रेडिएटरच्या खात्यात. पितळेच्या नळ्या, कथलाचा डाग द्यायचा, मग पाण्याच्या हौदात बुडवून बुडबुडा येतो का ते बघायचं. माझ्या हातून गेलेला रेडिएटर गळतो म्हणून कधी परत आला नाही. शाळा माझी चौथीपर्यंतच. पण इंजिन तापलं की मोठमोठे इंजिनियर आधी माझ्याकडे माणूस पाठवायचे, हे मी अजूनही सांगतो आणि सांगत राहणार.

निवृत्त झालो त्या सुमारास परदेशी कंपन्यांच्या छोट्या गाड्या नुकत्या यायला लागल्या होत्या. मी एक पांढरी घेतली. मुलगा म्हणाला, बाबा, या वयात कशाला? मी म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या थंड ठेवल्या, आता स्वतःची ठेवतो. मुलगा आणि सून गुडगावला अकराव्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या गॅलरीतून एका बाजूला काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत दिसायचं. शेतातल्या म्हशी त्या काचेत स्वतःला बघायच्या. आता शेतही नाही आणि म्हशीही नाहीत.

दर रविवारी सकाळी मी फरीदाबादहून गुडगावला जाऊन नातीला घेऊन यायचो. ती तेव्हा सात वर्षांची. दिवसभर आमच्याकडे, आजीच्या हातचं थालीपीठ, दुपारी पत्ते, संध्याकाळी परत पोचवायची. जाऊन-येऊन चार वेळा मधला तो डोंगरातला रस्ता. गाडीत तिचं तोंड एक मिनिट बंद नसायचं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच शाळेतलं इंग्रजी. खरं सांगतो, गाडी मी त्या रविवारसाठीच घेतली होती.

आता मुद्द्याचं. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिचा थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत बसवलेली ही एक छोटी झडप. इंजिन गार असेल तोवर ती पाणी अडवून धरते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देते. दिल्लीतल्या त्या वेळच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, गाडी हातात आली की पहिलं काम हेच. थंड देशातली वस्तू आहे, आपल्या गर्मीत पाणी अडवायचं कशाला? काढा आणि फेका. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या गाड्यांतून मीही कितीतरी काढल्या. घरच्या गाडीची मात्र फेकली नाही. पत्र्याच्या डब्यात ठेवली, नवीन वस्तू होती म्हणून.

पहिला हिवाळा इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढलाच नाही. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला.

उन्हाळ्यात मात्र डोंगराच्या चढावर काटा वर सरकायला लागला. मी म्हटलं, हे रेडिएटरच्या पाण्यात हिरवं औषध घालतात, त्याचा दोष. मग दोन पत्रं आली, एकापाठोपाठ एक, इंग्रजीत, कंपनीचा शिक्का असलेली. इंग्रजी पत्र म्हणजे विमा नाहीतर जाहिरात, हा माझा अनुभव. ती मी देवघरातल्या तेलाच्या बाटलीखाली सरकवली, फडताळ तेलकट होऊ नये म्हणून.

मे महिन्यातल्या एका रविवारी, संध्याकाळी नातीला पोचवायला निघालो. चढ अर्धा झाला आणि काटा लाल पट्टीत गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ. मी गाडी कीकराच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडाखाली घेतली, पोरीला लांब दगडावर बसवलं.

"आबा, स्टीम निकलतोय!"

"निघतेय म्हणावं. वाफ निघतेय. काही नाही, तिला दम लागलाय."

अर्धा तास थांबलो. कॅनमधलं पाणी थोडं थोडं घातलं. परत निघताना मी तिला म्हटलं, "आईला हे नको सांगू हं. ती उगाच घाबरते."

"आणि मम्माने विचारलं, लेट का झाला, तर?"

"म्हण, ट्रॅफिक होता."

तिने मान हलवली. पण त्यानंतर घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ते मला खटकलं, आणि मी ते झटकून टाकलं.

मंगळवारी सुनेचा फोन आला. सून पुण्याची, मोठ्या ऑफिसात काम करते, आवाज कधी चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"बाबा, रविवारी गाडी तापली होती?"

"थोडी. गाड्या तापतात."

"तुमच्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या कंपनीने तपासायला परत बोलावल्यात. पेपरात नोटीस आहे. पंख्याच्या वायरीचा जोड वितळतो, पंखा बंद पडतो, आग लागू शकते. फुकट बदलून देतायत. तुम्हाला पत्र आलं असेल."

"बघतो. आलं नसेल."

स्वयंपाकघरातून आमची मंडळी ओरडली, "दोन आलीत! तेलाच्या बाटलीखाली आहेत!"

मग सून म्हणाली, "गाडीचं आपण नंतर बघू. पण तुम्ही तिला माझ्यापासून लपवायला सांगितलंत. दोन दिवस ती पोटात दुखतंय म्हणून जेवली नाही, बाबा. गाडीचं काम होईपर्यंत ती त्या गाडीत बसणार नाही. सॉरी."

तिचं सॉरी मला शिवीसारखं लागलं. मी ताठ झालो. काल आलेली मुलगी मला इंजिन शिकवणार? आणि कंपनी स्वतःहून म्हणते आमची चूक झाली? मी आयुष्य कारखान्यात काढलंय. तिथे चूक नेहमी खालच्या माणसाची असते, नाहीतर गिऱ्हाइकाची. यात काहीतरी डाव आहे. गाडी आत घेतील आणि निराळंच काही काढतील.

काय काढतील, हे मला पक्कं माहीत होतं. झाकण उघडलं की पहिल्यांदा दिसणार ती माझी रिकामी जागा.

तीन रविवार नात आली नाही. मी गाडी धुवायचो, पुसायचो, सुरू करून बंद करायचो. तिसऱ्या रविवारी आमच्या हिने पिशवी भरली.

"कुठे?"

"बस पकडून गुडगावला. थालीपीठ घेऊन. तुम्ही बसा इथे, गाडीला भरवा."

"उन्हात जाऊ नको."

"मग गाडीने सोडता? नाही ना? माझीही जळून जायची इच्छा नाही."

ती गेली. मी डबा काढला. विचार असा, की झडप आपणच गुपचूप परत बसवायची आणि मग गाडी न्यायची. कोणाला कळणार नाही. झडपेच्या घराचे बोल्ट उघडले, झडप हातात घेतली आणि अडलो. वर कुठली बाजू, खाली कुठली, आठवेना. शेकडो काढल्या होत्या, बसवली एकही नव्हती. हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हातात ती वस्तू उलटसुलट करत मी व्हरांड्यात बसलो. पोरीला खोटं बोलायला लावून झालं होतं, आता गाडीलाही लावत होतो. बोल्ट परत कसले, झडप रुमालात बांधली, दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत हळूहळू गाडी हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला नेली.

आत काचेची खोली, थंडगार हवा, सोफा. मी सोफ्यावर बसलो नाही. वर्कशॉपचा मुख्य एक सरदारजी होता, दाढी पिकलेली, नखांत काळं तेल. ती नखं बघून मला जरा बरं वाटलं. त्याने पत्र वाचलं, गाडीकडे बघितलं, मग माझ्या मुठीकडे.

"बाऊजी, रूमाल में क्या है?"

मी टेबलावर रुमाल सोडला. "थर्मोस्टॅट. मैंने निकाला था."

तो झडपेकडे बघत राहिला आणि एकदम हसायला लागला. पोट धरून. "ओ जी, कश्मीरी गेट पे मैंने बोरियाँ भर के निकाले हैं! उस्ताद ने यही सिखाया था."

कश्मीरी गेट म्हणजे दिल्लीतला जुन्या मिस्त्रींचा बाजार. मीही हसलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग त्याने झडप उचलून मला तिची मागची बाजू दाखवली. तिथे आणखी एक छोटी चकती होती. जुन्या गाड्यांत ती नसायची, म्हणाला. झडप उघडली की ही चकती मागची छोटी वाट बंद करते. झडपच नसेल तर ती वाट कायम उघडी. गरम पाणी रेडिएटरकडे पूर्ण जातच नाही, अर्धं तिथल्या तिथे इंजिनात फिरत राहतं. हिवाळ्यात कळत नाही, मे महिन्यात चढावर कळतं.

रेडिएटर गळतो का, एवढंच मी तीस वर्षं बघितलं. माझ्याकडे पाणी येतं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तासाभराने त्याने पंख्याच्या वायरीचा जुना जोड आणून दाखवला. पांढरं प्लॅस्टिक एका कडेने तपकिरी झालेलं, एक पिन चिकटलेली. म्हणजे कंपनीचं पत्रही खरं होतं. दोन्ही दोष एकाच गाडीत, एक त्यांचा आणि एक माझा. आणि त्या दोन्हींवर मी नातीला बसवून डोंगर चढत होतो. तेव्हा मात्र मी सोफ्यावर बसलो.

कागद भरताना सरदारजीने पेन थांबवलं. "बाऊजी, थर्मोस्टॅट वाली बात लिखूँ? न लिखूँ तो भी चलेगा. नया डाल देता हूँ, बात खतम."

गुडगावला तो कागद कोण वाचणार हे मला माहीत होतं. ओठावर 'नको' आलं होतं. मी म्हटलं, "लिखो. साफ साफ लिखो."

त्यानंतरच्या रविवारी मी गुडगावला गेलो. अकराव्या मजल्यावर सुनेने दार उघडलं. मी पाणीसुद्धा न पिता कागद तिच्या हातात दिला. ती उभ्यानेच वाचायला लागली, मध्येच थांबली.

"बाबा, यात लिहिलंय थर्मोस्टॅट मालकाने काढलेला होता. म्हणजे कोणी?"

"मी. गाडी घेतली त्याच महिन्यात. म्हणून तापत होती. वायर त्यांची, पण हे माझं."

तिने कागदाची घडी घातली. नात सोफ्याच्या मागून डोकावत होती. मी तिला पुढे बोलावलं.

"आईला सांगू नको म्हटलं ना मी तुला, ते माझं चुकलं. असं मी तुला सांगायला नको होतं."

"मला पता होतं, आबा," ती म्हणाली. "म्हणून तर मी सांगितलं."

सुनेने तोंड फिरवलं. हसू दाबत होती की दुसरं काही, मी बघितलं नाही. मग तिने खुंटीवरची पर्स काढली. "चला. आज मीपण येते. आईंच्या हातचं थालीपीठ मलाही कुठे मिळतं?"

मला कळलं ती थालीपीठासाठी येत नाहीये. रागही आला थोडा, नाही म्हणत नाही. पण मी दार उघडून धरलं.

ती पुढे बसली, नात मागे. ऊन कडक होतं, बाजूने ट्रक आग ओकत चालले होते. चढ लागला तशी मागची बडबड चालूच. सून काट्याकडे बघत होती, मीही बघत होतो. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथून हलला नाही. जिथे वाफ निघाली होती ते कीकर डोंगराच्या पलीकडल्या अंगाला, पण हा चढही तसाच. वळण आलं, दुसरं आलं, शेवटचा उंच टप्पा आला. दुसऱ्या गियरमध्ये इंजिन घुमलं, पुढे पंख्याचा आवाज सुरू झाला. नवा जोड, नवी झडप. काटा तिथेच.

चढ संपला. सुनेने काट्यावरची नजर काढली, सीटला टेकली आणि बाहेर बघत म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी हिला न्यायला किती वाजता येताय?"